राखण दिली नाही, आणि काहीच झालं नाही

सड्यावरचा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, देव आहे की नाही यावर हा धागा नाही. त्या विषयावर इथे पुष्कळ डोकी फुटून झाली आहेत.

देवगड तालुक्यात आमची थोडी कलमं आहेत. सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या उतारावर, खालच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून एक जुना ऐन आहे आणि त्याच्या बुंध्याशी एक पाषाण. घडवलेला वगैरे नाही, नुसता काळवंडलेला जांभा. तो आमचा राखणदार, जागेची राखण करणारा देव. दरवर्षी आंबा उतरून झाला की, मिरग लागायच्या आधी, बाबा त्याला राखण द्यायचे. नारळ, पानाचा विडा, कोंबडा आणि एक विडी.

विडीचं जरा सविस्तर सांगतो. बाबांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण राखणदाराची विडी पेटवून ठेवावी लागते, आणि ओढल्याशिवाय विडी पेटत नाही. म्हणून बाबा उकिडवे बसायचे, वाऱ्याकडे पाठ करायचे, काडी ओंजळीत धरून एक झुरका घ्यायचे, ठसकायचे, आणि जळतं टोक बाहेर ठेवून ती पाषाणापाशी टेकवायचे. वर्षातली त्यांची एवढी एकच विडी. ती विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. मी त्या धुराकडे बघत बसायचो. वारा पडलेला असला की तो सरळ वर चढायचा आणि ऐनाच्या खालच्या फांदीपाशी मोडायचा.

बाबा चार वर्षांपूर्वी श्रावणात गेले. पुढच्या उन्हाळ्यात वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून राखण दिली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी मी मे अखेरीस तिथेच होतो, पाषाणापासून दहा पावलांवरून गेलो, आणि मुद्दाम दिली नाही. म्हटलं, बघू या.

काहीच झालं नाही.

उलट मधल्या वर्षी आंबा असा धरला की बाबांच्या हयातीत मी तसा पाहिलेला नाही. वणवा लागला नाही, कुणाला पान लागलं (साप चावला) नाही, बागेत राखणीला असलेला नेपाळी ठणठणीत. मला हलकं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? अपमान झाल्यासारखं वाटलं. पणजोबांपासून आम्ही नेमाने येतोय, आणि मी तीन वर्षं फिरकलो नाही तर याला पत्ताच नाही?

म्हणजे मनातून मला काहीतरी व्हायला हवं होतं. मोठं नको, एखादी फांदी मोडली असती तरी चाललं असतं. ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्याने माझी दखल घ्यावी, ही कसली ओढ म्हणायची? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का?

यंदा पुन्हा मे अखेर जवळ आलीय, म्हणून विचारतोय.

---

तर्कटराव

आंब्याचं आधी उरकू. हापूस वर्षाआड धरतो हे तुम्ही बागायतदार असून मी सांगायचं? एका वर्षी झाड फळाने लगडलं की पुढच्या वर्षी ते पालवी काढतं, मोहोर कमी येतो. वडील गेल्यानंतरचा पहिला हंगाम तुमचा पडीचा असणार, पुढचा धरीचा. वर थंडी वेळेवर पडली असेल. राखणदाराचा काही संबंध नाही, देण्याशी नाही आणि न देण्याशीही नाही.

राहिला अपमानाचा प्रश्न. लहानपणापासून 'नाही दिलं तर काहीतरी होईल' हे ऐकत वाढलेलं मन निकालाची वाट बघतं. निकाल लागलाच नाही की परीक्षेला बसून पेपर न तपासल्यासारखं वाटतं. यात गूढ काही नाही.

कोंबड्याबद्दल काही लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं भांडण होईल.

---

सुरंगी

वाचतेय. विडीचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

भाऊकाका

झिला, इतक्या सगळ्या लिवलंस, पण गाऱ्हाना कोण घालता ता नाय लिवलंस. बापूस काय मुक्यान राखण देय होतो?

पुढचं शुद्ध भाषेत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी कंटाळतील. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे देवापुढे तक्रार घालतात, प्रार्थना नव्हे. आणि ती ठणकावून घालतात. "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझ्या लेकरान राखण दिल्यान हा, ती मान्य करून घे. व्हय म्हाराजा! काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. व्हय म्हाराजा! वाटेर कोण आडवो-उबो येयत, तेका बाजूक कर. व्हय म्हाराजा! लेकरू लांब मुंबैक ऱ्हवता, तेच्या रोजीरोटीक बरकत दी. व्हय म्हाराजा!"

आता मला सांग, यातलं 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतं? देव म्हणत नाही. पाषाण आजवर कधी बोललेला नाही, मी सत्तर पावसाळे बघितले. गाऱ्हाणं एक जण घालतो आणि बाजूला उभी असलेली माणसं व्हय म्हणतात. देवळात अख्खा गाव म्हणतो. तुझ्या बापाच्या गाऱ्हाण्याला कोण म्हणायचं? तिथे तूच होतास ना?

तू पाषाणाच्या जबाबाची वाट बघत बसलास. जबाब देणारा माणूस तिथे उभाच नव्हता.

---

सड्यावरचा

भाऊकाका, दंडवत. मीच म्हणायचो. पाचवी-सहावीपर्यंत मोठ्याने, मग लाज वाटायला लागली तेव्हा तोंडातल्या तोंडात, आणि शेवटची काही वर्षं बाबा माझ्याकडे न बघता स्वतःच गाऱ्हाणं घालायचे आणि स्वतःच व्हय म्हणायचे. हे मी पार विसरून गेलो होतो.

---

खाडीकाठची

आमचं घर मच्छीमारांचं, दापोली तालुक्यातलं. आमच्याकडे राखणदार नाही, दर्या आहे. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाहतात, ते फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, त्यामुळे तो सोहळा सोडून देते. मला आजीबद्दल सांगायचंय.

आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण भरती कधी येणार ते मिनिटावर सांगायची. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला सव्वाअकरा. मला शाळेत अपूर्णांक जमायचे नाहीत, ते मी या हिशेबावर शिकले. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाच्या जरा वर पुढे सरकते, हे भूगोलाच्या पुस्तकात फार नंतर वाचलं.

११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. बाबा आणि काका बाहेर होते. तेव्हा ना फोन लागत होते, ना कुठल्या बंदरात किती होड्या लागल्या ते कळत होतं. घरातल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर उभ्या, समुद्राकडे तोंड करून. आजी एकटी वाळूत बसली, समुद्राकडे पाठ करून. कुणी तरी म्हणालं, "आये, हात जोड." ती म्हणाली, "नाही जोडणार. त्याच्याशी मी बोलत नाही." दीड दिवस तशीच बसली. जेवली नाही, पण पाठही वळवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निरोप आला की होडी दक्षिणेकडच्या एका खाडीत शिरलीय, दोघं सुखरूप आहेत. आजी उठली, लुगडं झटकलं, वळली आणि दर्याला अशा काही शिव्या घातल्या की इथे लिहिल्या तर संपादक धागा उडवतील. मग वाकून पाण्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला.

तर्कटराव, तुमचं विज्ञान मला मान्य आहे, मी स्वतः प्रयोगशाळेत काम करते. पण आजीचा दर्यावर 'विश्वास' होता का, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. शेजाऱ्यावर कुणी विश्वास ठेवतं का? शेजारी असतो. त्याच्याशी बोलणं असतं नाहीतर अबोला असतो. सड्यावरचा, तुमचा तीन वर्षं अबोला चालू आहे आणि समोरच्याने विचारलंही नाही, म्हणून लागलंय तुम्हाला.

---

तर्कटराव

सुंदर प्रतिसाद. पण त्या वादळात ज्यांच्या घरची माणसं परत आली नाहीत, त्यांच्या आज्यांनी पाठ करायची की तोंड?

---

खाडीकाठची

आमच्या आळीत असं एक घर आहे. ती काकू आजही पुनवेला नारळ घेऊन येते. मी तिला कधी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

---

वेळासचा पाहुणा

मी मूळचा चिपळूणचा. उमेदीची काही वर्षं कासवांच्या कामात थोडाफार हातभार लावला. मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संवर्धनाचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास खणून विकली जायची. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू थापते आणि परत जाते. नंतर ती कधी बघायला येत नाही. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात, तळहातावर मावतील एवढी. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की पाण्याच्या उजेडाकडे निघतात. आई दिसलेली नाही, पाणी दिसलेलं नाही, तरी निघतात. त्यातली जी माद्या होऊन जगतील त्या वर्षांनी याच किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला परततात.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या शेजारी मुंबईहून आलेले एक आजोबा उभे होते, रडत होते. म्हणाले, गणपतीला आम्ही जातो तसंच हे. ओढ.

ओढ हा शब्द तुम्ही धाग्यात वापरलाय म्हणून लिहिलं. किनाऱ्यावरची माणसं तो वेगळ्याच अर्थी वापरतात. "आज पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नको." ओहोटीला पायाखालची वाळू सरकते, ती ओढ. तिला मन नसतं, तरी ती माणसाला नेते. मला कासवांची ओढ तशी वाटते, आणि कधीकधी वाटतं की आपलीही तशीच असेल, नंतर आपण तिला कारणं चिकटवतो.

---

तर्कटराव

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण धरून ती परततात असं मानतात. आणि सगळी परततातही असं नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली ओळखपट्टी लावलेली एक मादी पुढे गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्खा दक्षिण भारत वळसा घालून आली बाई. तिची ओढ कुठली म्हणायची, माहेरची की सासरची?

---

वेळासचा पाहुणा

हा हा. पुण्यात फ्लॅट घेतलेली कोकणी असणार.

---

दाभोळी

मीही लिहू का? मी कोकणी मुसलमान, सध्या कुवेतला. आमच्या घरी राखणदार म्हणत नाहीत, पण पहिला आंबा उतरला की घरात कुणी तोंड लावायच्या आधी आजोबा तो दर्ग्यावर पाठवायचे, फातिहा पढून मग वाटायचे. मी धार्मिक म्हणावा असा नाही, रोजे धरतो तेवढंच.

मला सांगायचंय ते पाण्याबद्दल. आमची विहीर खाडीला जवळ. एप्रिल संपता संपता पाणी मचूळ होतं. खारट नाही, गोडंही नाही, मचूळ. त्याचा चहा फाटतो की काय वाटतं, डाळ शिजत नाही, आई वैतागते. कुवेतला मी जे पाणी पितो ते समुद्राचंच असतं, यंत्रातून गोडं केलेलं, अगदी स्वच्छ, कसलीच चव नसलेलं. बारा वर्षं पितोय. मागच्या वर्षी मे महिन्यात घरी पोहोचलो, बॅग ओटीवर टाकली आणि तांब्या तोंडाला लावला. आई ओरडली, "ते पिऊ नको, बाटली आणून ठेवलीय." मी अख्खा तांब्या संपवला. तहान भागली असं नाही, पण मी पोहोचलो हे अंगाला कळलं.

मचूळ पाण्याची आठवण येते हे कुणाला सांगायचं? इथे सांगितलं.

---

सुरंगी

मचूळ! कितीतरी वर्षांनी हा शब्द वाचला. आमच्या विहिरीचंही व्हायचं. विहीर आता आमची नाही.

लिहायचं नव्हतं, पण आता लिहितेच. आमची जमीन राजापूरकडची, सड्यावरची. भावाने सहा वर्षांपूर्वी विकली. भावाला दोष देत नाही, मुलांची शिक्षणं होती, आणि मी स्वतः सही केली. घेणाऱ्यांनी मोजणी केली, कुंपण घातलं, जेसीबी फिरवला. कोपऱ्यात आमचाही पाषाण होता. व्यवहाराच्या वेळी वकिलांना विचारलं, याचं काय? ते हसले नाहीत, चांगले होते. म्हणाले, "ताई, सातबाऱ्यावर राखणदाराचं नाव नसतं."

नवीन मालकांनी तो हलवून रस्त्याच्या कडेला ठेवला, आदराने ठेवला, शेंदूरसुद्धा लावला. आम्ही कधीच शेंदूर लावत नव्हतो. मागच्या वर्षी गाडीतून जाताना बघितला तर ओळखू येईना. उतरले नाही. सड्यावरचा, तुमचा निदान जागेवर आहे. तुम्ही न देऊ शकता. मला न देण्याचीही सोय नाही.

तोंडात कडू आलंय, थांबते.

---

कातळखूण

सुरंगीताई, तुमच्याच भागात कातळशिल्पं बघत हिंडत असतो म्हणून लिहितो. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी. जांभ्याच्या सड्यावर उघड्या कातळात खोदलेली माणसं, मासे, वाघ. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की उभं राहून अख्खा दिसत नाही, त्याच्याभोवती चालावं लागतं आणि चालताना त्याच्या पोटात आणखी प्राणी सापडत जातात. २०२२ साली ही ठिकाणं युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत गेली, त्यानंतर वर्दळ वाढली.

ऑक्टोबरमध्ये जा. पावसानंतर सड्यावर जांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद फुललेले असतात, खोदलेल्या रेषांत पाणी साचलेलं असतं, आणि त्या रेषा जणू कालच ओढल्यात असं वाटतं. कुणी खोदलं, कुणासाठी, काय मागितलं, कुणालाच ठाऊक नाही. हजारो वर्षांमागे केव्हा तरी एक शेवटचा माणूस तिथे आला असेल, त्याने जे काय ठेवायचं ते ठेवलं असेल. दुसऱ्या वर्षी कुणी आलं नाही. आणि तेव्हाही, सड्यावरचा, काहीच झालं नसणार. पाऊस वेळेवर आला असेल, फुलं फुलली असतील.

यातून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला तिथे गेलं की शांत वाटतं. मित्राला भीती वाटते.

---

खाडीकाठची

मला राग येतो. एवढा हत्ती खोदायचा आणि नाव सांगून जायचं नाही म्हणजे काय!

---

भाऊकाका

सुरंगी, बाय माझे, पाषाण हलवला म्हणून राखणदार हलत नाही. आमच्याकडे सातेरी देवीचं मूळ म्हणजे वारूळ, आमी रोयण म्हणतो. मुंगीएवढे किडे माती आणून आणून देवी वाढवतात. पावसात ढासळली की पुन्हा चढवतात. कुणाला न विचारता.

धागाकर्त्याला एक प्रश्न: बागेत राखणीला नेपाळी असतो म्हणालास. तो रात्रीचा खय निजता?

---

सड्यावरचा

मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात. खालच्या गडग्याशेजारीच आहे मांगर. दिवाळीनंतर येतो, आंबा संपला की जातो, हे त्याचं सातवं वर्ष. वांदर हाकलणं, औषध मारणं, रात्रीची राखण, सगळं तोच. का हो काका?

---

भाऊकाका

इचार तेका.

---

सड्यावरचा

उशीर झाला लिहायला, क्षमस्व. मागच्या आठवड्यात गावी होतो.

विचारलं.

सगळे त्याला बहादूर म्हणतात, मीही. ते त्याचं नाव नाही, हेही मला या खेपेलाच कळलं. नाव इथे लिहीत नाही. शेवटच्या पेट्या गेल्या त्या संध्याकाळी मांगरासमोर बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, उधर उस पत्थर के पास तू कभी जाता है क्या? तो थोडा दचकला, त्याला वाटलं मी रागावणार. मग म्हणाला, "साब, रात को तो यहाँ मैं ही रहता हूँ ना."

बाबा गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यात कुणी आलं नाही हे त्याने बघितलं. दोन दिवस वाट पाहिली. परत जायची गाडी होती त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने दुकानातून विडीचा कट्टा आणला. नारळ आमच्याच माडाचा, पडलेला. कोंबडा परवडला नाही म्हणून अंडं. बाबांना त्याने लांबून बघितलेलं होतं, त्यामुळे विडी कुठे टेकवायची ते माहीत होतं. त्यानंतर दरवर्षी. तिसऱ्या वर्षी मी दहा पावलांवरून छाती काढून गेलो ना, त्याच रात्री त्याने दिली. मी वर घरात झोपलो होतो.

मला बोलता येईना. त्याला वाटलं पैशाचं काही आहे. म्हणाला, नारियल गिरा हुआ था साब, तोड़ा नहीं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. काडेपेटी सादळलेली, सहा काड्या गेल्या. झुरका मी घेतला. विडी मी आयुष्यात ओढलेली नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. बाबा तेवढ्याशा ठसक्यात कसं निभवायचे कोण जाणे. मग गाऱ्हाणं घालायची वेळ आली आणि मला पुढचे शब्दच आठवेनात. 'बा देवा म्हाराजा' म्हणून थांबलो. त्याला म्हटलं, तू क्या बोलता था? तर तो म्हणाला, मैं तो अपनी बोली में बोलता था. म्हटलं, बोल.

तो हात जोडून नेपाळीत बोलला. बराच वेळ. मला 'घर' आणि 'पानी' सोडून काही कळलं नाही. मध्येमध्ये श्वास घ्यायला थांबायचा. तिथे मी व्हय म्हाराजा म्हणालो. पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्याने. त्याने चमकून बघितलं, पण पुढच्या वेळी तो माझ्यासाठी थांबला.

धूर सरळ नाही गेला. वारा होता.

---

तर्कटराव

एक मिनिट. म्हणजे तीनही वर्षं राखण दिली गेली होती. तुमचा अख्खा प्रयोग नासला की हो! 'दिली नाही आणि काही झालं नाही' हे धाग्याचं शीर्षकच खोटं ठरलं. संपादकांना सांगून बदलून घ्या.

(हलके घ्या. मी हा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.)

---

सुरंगी

त्या रस्त्याकडेच्या पाषाणापाशी पुढच्या वेळी उतरेन म्हणते. शेंदूर तर शेंदूर.

---

दाभोळी

परदेशात दुसऱ्याच्या दारात काम करणाऱ्या माणसाला रात्र कशी असते ते मला ठाऊक आहे. त्याला माझा सलाम सांगा.

---

सड्यावरचा

सांगतो. तो परवा गेला, दिवाळीनंतर येईल. एक राहिलं. निघताना बस यायची होती तेव्हा त्याने मला विचारलं, इतकी वर्षं तो नेपाळीत बोलतोय, बाबा मालवणीत बोलायचे. राखणदाराला कळलं असेल का? मला उत्तर देता आलं नाही. भाऊकाका, तुम्हीच सांगा, मी फोनवर त्याला कळवतो.

---

भाऊकाका

आंबो लागलो मा मधल्या वर्षाक? मगे समाजला आसतला.

---

तर्कटराव

काका, तो हापूस वर्षाआड धरतो हो!